घाटाखालच्या गावात फुकट टीव्ही: अँटेना लावावी की डिश?

चाळीसगाव तालुक्यात, पाटणादेवीच्या अंगाला डोंगराच्या अगदी पायथ्याशी राहणाऱ्या एका निवृत्त गुरुजींचा प्रश्न आहे. त्यांनी नवा टीव्ही घेतला, त्याच्या माहितीपत्रकावर ‘डीव्हीबी-टी२’, म्हणजे जमिनीवरच्या टॉवरचं डिजिटल प्रक्षेपण पकडण्याची सोय, असं लिहिलेलं आहे. संभाजीनगरला राहणाऱ्या पुतण्याकडे गच्चीवरच्या लहानशा अँटेनावर दूरदर्शनच्या वाहिन्या फुकट आणि काचेसारख्या स्वच्छ दिसतात. म्हणून गुरुजींनी दुकानातून अँटेना आणि बूस्टर आणला, धाब्यावर वीस फुटी पाइप उभा केला. टीव्ही स्ट्रेंथ ८० टक्के दाखवतो, पण वाहिनी एकही सापडत नाही. आता पाइप उंच करावा, मोठा बूस्टर घ्यावा, की सरळ फ्री डिश लावावी? डिश लावली तर म्हाताऱ्या आईच्या खोलीतल्या दुसऱ्या टीव्हीचं काय? आणि पावसात डिश बंद पडते म्हणतात, ते कितपत खरं?

गुरुजी, निकाल आधी सांगतो. पाइप वाढवू नका, बूस्टर तर मुळीच घेऊ नका. तुमच्या गावाला डिशच. कारणं सविस्तर देतो, म्हणजे पुढच्या वेळी दुकानदार काही गळ्यात मारायला लागला तर तुम्हीच त्याचा तास घ्याल.

तुमच्या पुतण्याला दिसतं ते कुठून येतं, तिथून सुरू करू. दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये देशातल्या १६ शहरांत जमिनीवरच्या टॉवरवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केल्याचं जाहीर केलं. त्या यादीत महाराष्ट्रातली दोनच नावं होती, मुंबई आणि औरंगाबाद. जळगाव, धुळे, नंदुरबार यांपैकी एकही नाही. एकाच लहरीवर डीडी नॅशनल, न्यूज, भारती, स्पोर्ट्स आणि पाचवी प्रादेशिक किंवा किसान, अशी पाच वाहिन्यांची गाठोडी तेव्हा सांगितली होती. औरंगाबादचा टॉवर म्हणजे शहरातला नव्हे, खुलताबादजवळ म्हैसमाळच्या डोंगरावरचा. तो चाळीसगाव शहरापासून सरळ रेषेत ४५ किलोमीटरच्या आसपास, तुमच्या गावापासून त्याहूनही जवळ. म्हणून दुकानदार म्हणाला असणार, “एवढ्या जवळचं काय येत नाही!” अंतर त्याने बरोबर मोजलं, मधला डोंगर विसरला.

खानदेश म्हणजे तापीचं खोरं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, आणि मधे आपण. म्हैसमाळ त्या दक्षिणेकडच्या रांगेच्या पलीकडे, वरच्या पठारावर आहे. कन्नडहून औट्रम घाट उतरताना आपण एकदम खाली येतो ना, तीच उतरंड टीव्हीच्या लहरीलाही उतरायची असते, आणि तिला घाटरस्ता नाही. आपल्याकडे डिजिटल टीव्हीसाठी वापरतात त्या यूएचएफ लहरी साधारण ५०० मेगाहर्ट्झच्या, म्हणजे ६० सेंटिमीटर लांबीच्या. एवढी आखूड लहर बऱ्यापैकी सरळ चालते. डोंगराच्या कडेवरून ती थोडी खाली वाकते, नाही असं नाही, पण वाकताना तिचा जीव जातो. टॉवर ते अँटेना या सरळ रेषेला कडा नुसती टेकली तरी शक्ती एक चतुर्थांश उरते. कडा रेषेच्या बरीच वर आली, की शंभरातला एक भाग, मग हजारातला एक भाग, असं होत जातं.

इथे एक गोष्ट लोकांच्या पचनी पडत नाही. डोंगराच्या जितकं जवळ जाल तितकी सावली गडद. तुमच्या गावातून दक्षिणेला बघितलं की डोंगर मान वर करून बघावा लागतो. चाळीसगाव शहरातून तोच डोंगर क्षितिजावरची निळी पट्टी दिसतो, आणि भडगाव-पाचोऱ्याकडे गेलं की आणखी बसका. म्हणजे टॉवरपासून लांब गेलेल्या भडगावकराला तुमच्यापेक्षा जास्त आशा आहे. गिरणेच्या काठच्या मोकळ्या, उंचवट्यावरच्या गावांत चांगल्या यागी (एका दांडीवर ओळीने काड्या असलेल्या) अँटेनाने प्रयत्न करून बघायला माझी हरकत नसते. तुमच्याकडे मी पाइप सुद्धा गाडीवर टाकून आणणार नाही.

पाइप उंच करण्याचं गणितही सांगतो, तुम्ही शिक्षक आहात. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१ ने गुणा. सपाट जमिनीवर रेडिओचं क्षितिज साधारण तेवढे किलोमीटर. तुमचा आजचा पाइप ६ मीटर, म्हणजे १० किलोमीटर. दुप्पट केला, १२ मीटर, तर १४ किलोमीटर. एवढा खटाटोप करून, ताणाच्या तारा बांधून, वाऱ्या-वादळाची धास्ती घेऊन वाढले ते चार किलोमीटर, तेही सपाटीवर. तुमच्यासमोर तर किमान दोनशे मीटर उंच दगड उभा आहे. त्याला तुमचा पाइप ६ मीटरचा काय आणि १२ चा काय.

हेच सूत्र जळगाव-भुसावळच्या लोकांसाठीही आहे, कारण त्यांचेही असेच निरोप येतात. म्हैसमाळहून जळगाव ११० किलोमीटरच्या आसपास, भुसावळ त्याच्याही पुढे. तिथे डोंगराच्या जोडीला पृथ्वीची गोलाईसुद्धा आडवी येते. धुळं शंभराच्या घरात, नंदुरबारचा विषयच नको. इंदूरचंही नाव त्या १६ शहरांत होतं, त्यामुळे रावेर-यावलकडचे काही जण उत्तरेकडे तोंड करून अँटेना लावायला निघतात. मधे अख्खा सातपुडा आहे. मात्र सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, चांगल्या उंचीवर घर असेल आणि समोर खोरं मोकळं दिसत असेल, तर म्हैसमाळची दिशा धरून एकदा स्कॅन करून बघावं. तिथे उंची पाइपने नाही, डोंगरानेच दिलेली असते.

आता ते ८० टक्के. गुरुजी, सगळ्यात जास्त पैसे लोकांचे या आकड्यापायी जातात. टीव्हीच्या सिग्नलच्या पानावर दोन पट्ट्या असतात, एक स्ट्रेंथ, दुसरी क्वालिटी. स्ट्रेंथ म्हणजे तारेतून आत किती दाब आला. तो दाब दूरदर्शनचा आहे, मोबाइल टॉवरचा आहे, शेजारच्या मोटारीच्या स्टार्टरचा आहे की बूस्टरने स्वतःच केलेल्या खरखरीचा, हे ती पट्टी विचारत नाही. क्वालिटी म्हणजे त्यातून ओळखू येणारा डिजिटल मजकूर किती निघाला. तुमच्याकडे क्वालिटी शून्य असणार, लिहून ठेवा. बूस्टरची पिन काढून बघा, स्ट्रेंथ धाडकन खाली येईल आणि क्वालिटी शून्याची शून्यच राहील. बूस्टर सिग्नल वाढवतो तसा गोंगाटही वाढवतो, वर आपला थोडा घालतो. कीर्तनकाराचा आवाजच बसलेला असेल तर भोंगा लावून अभंग कळत नाही, तसला प्रकार.

बूस्टर सगळीकडे निरुपयोगी असं मात्र मी म्हणत नाही. अँटेनापाशी क्वालिटी बरी आहे, पण खाली टीव्हीपर्यंत वायर लांब आहे, तिथे खांबावरच बसणारा, कमी खरखरीचा बूस्टर कामाचा. चांगल्या आरजी-६ वायरमध्येही या लहरींना शंभर मीटरला साधारण १५ डेसिबल घट होते, म्हणजे शक्तीचा जेमतेम तिसावा भाग उरतो, जुन्या बारीक वायरमध्ये त्याहून जास्त. ती घट भरून काढायची, एवढंच त्याचं काम. आणि घरासमोरच मोबाइल टॉवर असेल तर बूस्टर उलट मारतो. ७०० आणि ८५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत मोबाइल कंपन्या आहेत, त्यांचा जोरदार सिग्नल बूस्टरला गुदमरवतो आणि टीव्हीची कमजोर लहर त्यात बुडते. अशा ठिकाणी बूस्टरच्या आधी फिल्टर लागतो, आणि आपल्या बाजारात फिल्टर मागितला तर दुकानदार पाण्याचा दाखवतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल म्हणून सांगतो. पूर्वी तर दिसायचं! हो, दिसायचं. १९८४ साली सरकारने झपाट्याने प्रक्षेपक उभारले, त्यानंतर तालुक्यांच्या गावीसुद्धा लहान शक्तीचे प्रक्षेपक आले. लहर घाटापलीकडून यायची गरजच नव्हती, ती गावातल्या गावात पुन्हा सोडली जायची. शिवाय त्या काळच्या व्हीएचएफ लहरी लांब, दीड मीटरपासून पाच-सहा मीटरपर्यंतच्या. लांब लहर डोंगराच्या कडेवरून जास्त वाकते. आणि तिसरं, अॅनालॉग चित्र हळूहळू बिघडायचं. मुंग्या यायच्या, सावली दिसायची, पण बातम्या कळायच्या. डिजिटलमध्ये तो मधला पल्ला जवळजवळ नाही. गरजेपुरता सिग्नल असेपर्यंत चित्र अगदी स्वच्छ, त्याच्या जरा खाली गेलं की चौकोन-चौकोन, आणि आणखी किंचित खाली गेलं की काळा पडदा. म्हणून वर एकाने अँटेना फिरवायची आणि खालच्याने “आलं, आलं... गेलं!” ओरडायचं, ही रीत आता चालत नाही. अँटेना एक बोट फिरवली की थांबा, टीव्हीला दोन-चार सेकंद द्या, क्वालिटीचा आकडा वाचा, मग पुढचं बोट.

ते अॅनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद होत गेले आणि मार्च २०२२ पर्यंत देशभरात मोजके सोडून सगळे थांबवायचं ठरलं. त्यामुळे माळ्यावरची जुनी मोठी अँटेना काढून पुसायला घेऊ नका. तिच्या काड्या व्हीएचएफच्या मापाच्या आहेत. यूएचएफला वीतभर लांबीच्या काड्या लागतात.

अजून एक फसगत सांगून अँटेनाचा विषय संपवतो. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि रात्री जमीन लवकर निवते. खाली गार हवा, वर गरम हवा, असे थर बसले की लहरी वाकून नेहमीपेक्षा कितीतरी लांब पोहोचतात. पहाटे पाचला एखाद्याला अचानक सगळ्या वाहिन्या सापडतात, तो भाऊबंदांना फोन करतो, चहाच्या वेळेपर्यंत पडदा काळा. म्हणून अँटेनाची परीक्षा भर दुपारी घ्यायची आणि लागोपाठ दोन-तीन दिवस घ्यायची. दुपारी तीनला क्वालिटी टिकली तर ती तुमची. खर्च करण्याआधी ओळखीच्या फिटरकडून अँटेना नुसती मागून आणा, गावातल्या सगळ्यात उंच जागी, पाण्याच्या टाकीवर वगैरे, नेऊन स्कॅन करा. तिथे काही आलं नाही तर घरावर येणार नाही.

आता डिशकडे येऊ. डोंगर तुम्हाला म्हैसमाळपासून तोडतो, पण आभाळापासून तोडत नाही. डीडी फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर ३६ हजार किलोमीटरच्या आसपास आहे. चाळीसगावहून तो आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलं तर १३६ अंशांवर आणि क्षितिजापासून ५८ अंश वर दिसतो. जळगावला दिशा १३८ अंश, नंदुरबारला उंची ५७ अंश, म्हणजे सगळ्या खानदेशात फरक एक-दोन अंशांचाच. तुमचा डोंगर कितीही उंच वाटला तरी ५८ अंशांना पोहोचत नाही. घराजवळची झाडं मात्र पोहोचतात. आग्नेयेचं झाड डिशपेक्षा १० मीटर उंच असेल तर ते डिशपासून निदान सात मीटर लांब हवं. आज छोटं असलेलं निंबाचं झाड पाच वर्षांनी मोठं होणार, हेही धरा.

डिशला मोकळं आभाळ मिळतंय का, हे बघायला वर्षातून दोनदा फुकटचं साधन मिळतं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी ११ च्या आसपास सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी ज्या जागेवर ऊन आहे तिथून उपग्रह दिसतो, जिथे सावली आहे तिथून नाही. त्याच दिवसांत, त्याच वेळी चित्र काही मिनिटं आपोआप तुटतं, कारण सूर्याच्या रेडिओ गोंगाटात उपग्रहाचा आवाज बुडतो. तेव्हा फिटरला बोलावू नका, तो येऊन नुसतं थांबून राहील आणि येण्याचे पैसे घेऊन जाईल.

५८ अंश म्हणून डिश आभाळाकडे तोंड करून निजवू नका. आपल्याकडच्या लहान डिश ऑफसेट असतात, एलएनबीची, म्हणजे लहर पकडणाऱ्या डबीची, दांडी खालून येते आणि थाळी दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश जास्त वर ‘बघते’. म्हणून थाळीचा चेहरा बराच उभा वाटतो, आणि नवखा माणूस तो चुकलाय समजून मागे झुकवतो.

पावसाचं म्हणणं खरं आहे, पण अर्धं. ही लहर जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरची, पावसाच्या मोठ्या थेंबांत ती शोषली जाते. वळवाचा दणकून पाऊस आग्नेयेकडून चढून आला की दहा-पंधरा मिनिटं चित्र जाणार. पण आपला खानदेश म्हणजे कोकण नव्हे. साध्या रिमझिमीत वाहिनी जात असेल तर दोष पावसाचा नाही, डिश काठावर लावलेली आहे. कोरड्या दिवशी चित्र दिसलं की फिटर बोल्ट आवळून मोकळा होतो, क्वालिटी अजून वर जाते का हे बघत नाही. त्याला बघायला लावा.

घर धाब्याचं आहे म्हणालात. धाब्यात खिळे-बोल्ट ठोकू देऊ नका, पावसाळ्यात तिथूनच गळणार. बाजूच्या पक्क्या भिंतीला पट्टीचा क्लॅम्प मारा. अंगणात काळ्या मातीत खांब पुरायचा असेल तर खोल खड्डा आणि काँक्रीट हवं, कारण ती माती उन्हाळ्यात फाटते आणि पावसात फुगते. खांब अंगठ्याएवढा कलला तरी डिशचा निशाणा चुकतो. तुमच्या भागात वानरं आहेत, ती डिशच्या दांडीवर बसतात, म्हणून शक्यतो जमिनीपासून फार उंच न नेता भिंतीलगत ठेवा. आणि खांब उभा करताना वरून विजेची तार जात असेल तर त्या बाजूला जायचंच नाही. पाइप तारेला लागून माणसं गेल्याचं आपण पेपरात वाचतो.

वायर उन्हात टिकणारी घ्या. मे महिन्यात स्वस्त वायरचं आवरण तडकतं आणि जुलैत त्यातून पाणी आत जातं. घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, बॉक्समध्ये जाणार नाही. डिश आणि खांबाला अर्थिंग करा. गडगडाट सुरू झाला की वायर बॉक्समधून काढून ठेवायची सवय आईंनाही लावा.

दोन टीव्हींसाठी लोक एका वायरला दोन फाटे फोडतात. दोन बॉक्स असतील तर ते भरवशाचं नाही. बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून उभी लहर हवी की आडवी ते सांगतो. दोघांनी वेगळं सांगितलं तर एकाचा पडदा काळा. दोन तोंडांचा ट्विन एलएनबी घ्या, दोन वायरी, दोन बॉक्स. आईंना फक्त सह्याद्री आणि भजन-कीर्तन बघायचं असेल तरीही हाच मार्ग सोयीचा, नाहीतर क्रिकेटच्या वेळी घरात महाभारत.

बॉक्स एमपेग-४ (चित्र दाबून पाठवण्याची नवी पद्धत) चा घ्या, जुना एमपेग-२ वाला कोणी स्वस्तात दिला तरी नको, त्यात सगळ्या वाहिन्या उघडत नाहीत. तुमचा टीव्ही नवा आहे तेव्हा माहितीपत्रकात ‘डीव्हीबी-एस२’ हेही शोधा. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये उपग्रह ट्यूनर आत बसवलेल्या टीव्हींसाठी मानक काढलं, आणि काही टीव्हींत तो ट्यूनर असतोच. असला तर त्या टीव्हीला वेगळा बॉक्सही नको. एक डिश, एलएनबी, बॉक्स मिळून साधारण दीड-दोन हजारांत काम होतं, महिन्याचं भाडं नाही, कार्ड नाही. सह्याद्री आणि दूरदर्शनच्या बाकी वाहिन्या राहतील. खाजगी मराठी वाहिन्यांवर मात्र विसंबू नका, त्यांच्या जागांचा लिलाव होतो, आज दिसणारी पुढच्या एप्रिलनंतर नसेल. एखादी गायब झाली तर डिश हलवू नका, आधी बॉक्स पुन्हा स्कॅन करा.

फिटर निघण्याआधी त्याच्यासमोर बॉक्सच्या पानावरचा क्वालिटीचा आकडा वाचा आणि तारखेसह डिशच्या पाठीमागे मार्करने लिहा. पुढच्या पावसाळ्यात तक्रार आली तर आधी तो आकडा ताडून बघा. आकडा तेवढाच असेल तर बॉक्स, अडॅप्टर, टीव्हीकडे बघायचं. आकडा घसरला असेल तर दिशा, एलएनबीचं तोंड किंवा वायरीत शिरलेलं पाणी, आणि मग फिटरला फोन.